एका दिवसात दोन विनाशिका

३ जुलै २०१८ रोजी चीनच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या डालियन बंदरात एकाच दिवशी दोन विनाशिकांचे जलावतरण झाले. दोन्ही टाइप ०५५ या वर्गाच्या. लांबी १८० मीटर, रुंदी २० मीटर, पूर्ण भारासह वजन बारा ते तेरा हजार टन. अमेरिकेचे संरक्षण खाते या नौकांना विनाशिका म्हणायलाही तयार नाही; तिथल्या कागदपत्रांत त्यांची नोंद क्रूझर अशी होते. मुंबईत बांधलेल्या आपल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका १६३ मीटर लांब आणि सुमारे ७,४०० टनांच्या आहेत, त्यावरून आकाराचा अंदाज यावा.

चिनी विनाशिकांचा विषय निघाला की हमखास तक्ते मांडले जातात. कोणाकडे किती क्षेपणास्त्रे, कोणाचे रडार किती दूर पाहते, कोणाचा वेग किती नॉट. असा तक्ता म्हणजे लग्नाच्या स्थळाचा बायोडेटा. उंची, शिक्षण, पगार सगळे खरे असते, पण माणसाचा पत्ता लागत नाही. शिवाय तक्त्यातल्या बऱ्याच गोष्टी पैसे मोजून मिळवता येतात. क्षेपणास्त्रे विकत मिळतात, रडार विकत मिळते, इंजिनेही मिळतात. एका दिवशी दोन मोठ्या विनाशिका पाण्यात सोडणारी गोदी मात्र कोणी विकत देत नाही. चीनला ती घडवायला साठेक वर्षे लागली, आणि त्यातली बरीचशी वर्षे मान खाली घालून काढलेली होती.

सुरुवात उसनवारीची. १९५४-५५ मध्ये सोव्हिएत संघाने चीनला चार विनाशिका दिल्या. आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा आणि नौका वापरलेल्या. तरी चिनी नाविकांना त्यांचे केवढे कौतुक! बौद्ध मंदिरांच्या दाराशी उभ्या असणाऱ्या चार रक्षकमूर्तींचे नाव त्यांनी या चौघींना दिले होते. पहिलीचे नाव आन्शान, क्रमांक १०१. ती आज छिंगदाओच्या नौदल संग्रहालयात आहे. तिचा १०१ हा क्रमांक आता टाइप ०५५ वर्गाच्या पहिल्या नौकेवर, नानछांगवर रंगवलेला आहे, आणि आन्शान हे नाव याच वर्गाच्या १०३ क्रमांकाच्या नौकेला मिळाले आहे. विनाशिकांना शहरांची नावे देण्याची चिनी पद्धत आहे. नानछांग हे त्यातही खास शहर, कारण १ ऑगस्ट १९२७ रोजी तिथे झालेल्या उठावापासून चिनी सेना आपला जन्म मोजते.

स्वतः बांधलेली पहिली क्षेपणास्त्रवाहू विनाशिका जिनान १९७१ मध्ये नौदलात आली. टाइप ०५१ वर्गाच्या अशा १७ नौका चीनने पुढच्या वीस वर्षांत बांधल्या. वाफेवर चालणाऱ्या, शत्रूच्या जहाजावर मारा करण्यासाठी मोठी क्षेपणास्त्रे असलेल्या, पण आकाशातून कोणी आले तर बहुतेकींच्या हाती फक्त तोफा. किनाऱ्यावरच्या आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्यावर अशी नौका म्हणजे शत्रूच्या वैमानिकाला आयते लक्ष्य.

१९८० च्या दशकात चीनचे पाश्चात्त्य देशांशी बरे चालले होते. त्या काळात आखलेल्या टाइप ०५२ वर्गाच्या हार्बिनमध्ये अमेरिकेची एलएम-२५०० गॅस टर्बाइन बसली आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रे फ्रेंच क्रोटाल बनावटीची आली. मग १९८९ चे तियानआनमेन घडले, शस्त्रबंदी आली आणि टर्बाइनचा पुरवठा थांबला. हार्बिन आणि छिंगदाओ या दोन नौकांवरच तो वर्ग संपला. त्यानंतरची शेन्झेन ही विनाशिका आकाराने मोठी झाली, पण तिला पुन्हा वाफेवर यावे लागले. इंजिन दुसऱ्याचे असेल तर आपले वेळापत्रक आपले राहत नाही, हा धडा चीनने तेव्हा घेतला.

दुसरा धडा मार्च १९९६ चा. तैवानमध्ये पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक होत होती आणि चीन बेटाच्या आजूबाजूच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागून मतदारांना धाक घालत होता. अमेरिकेने इंडिपेंडन्स आणि निमित्झ या दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या भागात पाठवले. त्यांच्या अंगावर जाऊ शकेल असे एकही जहाज चीनकडे नव्हते. लगोलग रशियाशी बोलणी झाली आणि सेंट पीटर्सबर्गच्या गोदीत पैशांअभावी रखडलेल्या दोन सोव्हरेमेन्नी वर्गाच्या विनाशिका चीनने घेतल्या. नंतर आणखी दोन मागवल्या. त्यांच्यावरचे मोस्किट क्षेपणास्त्र ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगाने पाण्यालगत जाते, आणि सोव्हिएत अभियंत्यांनी ते अमेरिकी ताफ्यांसाठीच बनवले होते.

इथपर्यंतची कथा कोणत्याही होतकरू नौदलाची वाटेल. पुढे चीनने जे केले ते मला सगळ्यांत लक्षणीय वाटते. २००४ ते २००७ च्या दरम्यान त्याने तीन वेगवेगळ्या आराखड्यांच्या विनाशिका बांधल्या, प्रत्येकी फक्त दोन. ०५२बी मध्ये रशियन विमानविरोधी क्षेपणास्त्रे, ०५१सी मध्ये एस-३०० ची सागरी आवृत्ती, आणि ०५२सी मध्ये स्वतःचे चार बाजूंना चार पाटे असलेले, न फिरणारे रडार व स्वतःची एचएचक्यू-९ क्षेपणास्त्रे. बाहेरच्या निरीक्षकांना हा गोंधळ वाटत होता; इतक्या प्रकारचे सुटे भाग सांभाळणार कसे, अशी थट्टाही झाली. प्रत्यक्षात ती परीक्षा होती. ०५२सी पैकी लानझोऊ आणि हायकोऊ या दोन नौका २००४-०५ मध्ये नौदलात आल्या आणि त्यानंतर आठेक वर्षे तिसरी आलीच नाही. तेवढ्या काळात शांघायची जियांगनान गोदी शहरातून हलून यांगत्सेच्या मुखाजवळच्या छांगशिंग बेटावर गेली. १८६५ पासूनची ही गोदी नव्या जागी अवाढव्य झाली. २०१३ मध्ये तिसरी ०५२सी दाखल झाली, आणि २०१४ च्या मार्चमध्ये सुधारित ०५२डी वर्गाची पहिली नौका कुनमिंग. त्यानंतर जियांगनान आणि डालियन या दोन गोद्या थांबलेल्या नाहीत. एकट्या ०५२डी वर्गाच्या आज तीसच्या वर नौका आहेत.

या साऱ्यात इंजिनाचे काय झाले? उत्तर युक्रेनमधल्या मिकोलायिव शहरात सापडते. तिथला झोर्या-मशप्रोएक्ट कारखाना संपूर्ण सोव्हिएत नौदलाला गॅस टर्बाइन पुरवत असे. सोव्हिएत संघ फुटला, कारखाना युक्रेनच्या वाट्याला आला, गिऱ्हाईक गेले. चीनने त्याच्याकडून मोठी सागरी टर्बाइन घेतली आणि तिचे तंत्रज्ञानही घेतले. तिची चिनी आवृत्ती बनवायला, ती भरवशाची व्हायला बरीच वर्षे गेली. आज टाइप ०५५ मध्ये त्याच घराण्याच्या चार टर्बाइन आहेत, पण त्या चीनमध्ये बनतात.

भारताचे नातेही याच कारखान्याशी आहे, आणि ते चीनपेक्षा जुने आहे. १९८० मध्ये आपल्या नौदलात आलेली राजपूत ही विनाशिका मिकोलायिवमध्येच बांधलेली होती. कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गाच्या सातही विनाशिका झोर्याच्या टर्बाइनवर धावतात. २०१४ मध्ये क्रिमियावरून रशिया-युक्रेन बिनसले तेव्हा रशियाच्या स्वतःच्या फ्रिगेट इंजिनांविना अडकून पडल्या. त्यांपैकी दोन भारताने विकत घेतल्या, युक्रेनकडून इंजिने स्वतः मिळवली आणि रशियाला बसवायला दिली. तुशिल २०२४ च्या डिसेंबरमध्ये आणि तमाल २०२५ च्या जुलैमध्ये नौदलात आली, म्हणजे ते दोन देश एकमेकांवर तोफा डागत असताना. मुत्सद्देगिरी म्हणून हे वाखाणण्याजोगे आहेच. पण चीनला आता असल्या कसरतीची गरज उरलेली नाही, हेही त्याच दमात सांगायला हवे.

आता जहाजाच्या आत डोकावू. आधुनिक विनाशिकेचा डेक रिकामा दिसतो. जुन्या जहाजांवर दिसणारी क्षेपणास्त्रांची तिरपी नळकांडी नाहीत, तोफ एखादीच. खरा दारूगोळा डेकखाली उभ्या कप्प्यांत असतो. वर फक्त चौकोनी झाकणे. हुकूम मिळाला की झाकण उघडते आणि क्षेपणास्त्र सरळ वर निघून हवेत वळते. त्यामुळे शत्रूच्या दिशेने जहाज किंवा नळी फिरवत बसावे लागत नाही. ०५२डी मध्ये असे ६४ कप्पे आहेत, टाइप ०५५ मध्ये ११२. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकांमध्ये ९० किंवा ९६.

संख्येपेक्षा कप्प्याचे माप जास्त बोलके आहे. चिनी कप्पा ८५ सेंटिमीटर व्यासाचा आणि सर्वांत खोल आवृत्तीत नऊ मीटरपर्यंतचा. अमेरिकेच्या प्रचलित कप्प्यात सुमारे ५३ सेंटिमीटर जाडीचेच क्षेपणास्त्र मावते, कारण ते माप सत्तरच्या दशकात ठरले. चीनने उशिरा सुरुवात केली म्हणून त्याला मोठे माप निवडता आले. २०२२ मध्ये टाइप ०५५ वरून एक मोठे नवे क्षेपणास्त्र सुटतानाचे चित्रण प्रसिद्ध झाले. वायजे-२१ नावाचे हे अस्त्र ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाचे असल्याचे मानले जाते. त्याआधीचे वायजे-१८ बराच प्रवास संथपणे करते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम ध्वनीहून वेगवान होते. अमेरिकी अंदाजानुसार त्याचा पल्ला पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. जहाजाने जहाज बुडवायचे, हा विचार चिनी नौदलाने कधी सोडला नाही. अमेरिकेने तो शीतयुद्धानंतर जवळजवळ सोडून दिला. ते काम विमाने आणि पाणबुड्यांचे, असे ठरवून अनेक बर्क विनाशिकांवर हार्पून क्षेपणास्त्रे बसवलीच नाहीत. आता एसएम-६ आणि टॉमहॉकच्या नव्या आवृत्तीने ती उणीव भरून काढण्याची धावपळ चालू आहे.

मग अमेरिका मागे पडली का? असे म्हणणाऱ्यांनी १९ ऑक्टोबर २०२३ नंतरचा तांबडा समुद्र पाहावा. त्या दिवशी कार्नी या बर्क वर्गाच्या विनाशिकेने येमेनमधून हूथींनी सोडलेली क्षेपणास्त्रे आणि ड्रोन पाडले. पुढचे वर्षभर तिच्या भगिनी तेच करत राहिल्या. जानेवारी २०२४ च्या अखेरीस ग्रेव्हली या नौकेवर आलेले एक क्षेपणास्त्र इतके जवळ पोहोचले की ते शेवटच्या क्षणी जलदगती तोफेने पाडावे लागले. रडारच्या पडद्यावरचा ठिपका मासेमारी नौका आहे, प्रवासी विमान आहे की मृत्यू आहे, हे काही सेकंदांत ओळखण्याचा सराव हजारो अमेरिकी नाविकांना तिथे मिळाला. चिनी नौदलाने शेवटची खरी गोळी झाडली ती १४ मार्च १९८८ रोजी, स्प्रॅटली बेटांजवळ व्हिएतनामी सैनिकांवर. आजच्या चिनी विनाशिकांवरचे बहुतेक नाविक तेव्हा जन्मलेलेही नव्हते.

तांबड्या समुद्राने आणखी एक उघडे गुपित पुढे आणले. हे उभे कप्पे समुद्रात पुन्हा भरता येत नाहीत. रिकामे झाले की बंदर गाठायचे. अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅन दिएगोजवळ चोसिन या क्रूझरवर, ती समुद्रात चालत असताना, कप्प्यात नळी उतरवण्याचा पहिला प्रयोग केला, पण त्याची रोजची सवय व्हायला वेळ लागेल. तैवानजवळ लढाई झाली तर चिनी विनाशिकेचे बंदर काही तासांवर असेल आणि अमेरिकी विनाशिकेचे काही दिवसांवर. ०५२डी च्या ६४ कप्प्यांची तुलना बर्कच्या ९६ शी करताना हे अंतर हिशेबात धरले, तर गणित पार बदलते. शिवाय चीनच्या किनाऱ्यावरून जमिनीवरची क्षेपणास्त्रेही तोच समुद्र व्यापतात. हेच गणित हिंदी महासागरात उलटे होते. तिथे दूरचा पाहुणा चीन असतो.

आकड्यांतच रमायचे असेल तर एक गंमत सांगतो. कप्प्यांच्या शर्यतीत पहिला क्रमांक चीनचाही नाही आणि अमेरिकेचाही नाही. दक्षिण कोरियाची सेजोंग द ग्रेट ही विनाशिका २००८ पासून १२८ कप्पे घेऊन फिरते आहे. जपानच्या माया वर्गाच्या दोन नौकांवर प्रत्येकी ९६ आहेत, आणि खास क्षेपणास्त्रविरोधी कामासाठी जपान १२८ कप्प्यांच्या दोन मोठ्या नौका बांधतो आहे. जपान व कोरियाच्या या नौकांवर रडार आणि क्षेपणास्त्रे एकत्र चालवणारी अमेरिकेचीच एजिस प्रणाली आहे. त्यामुळे चिनी नौदलाला समोर मोजायच्या असतात त्या एका देशाच्या नौका नव्हेत, तीन देशांच्या.

अमेरिकेची खरी अडचण गोदीत आहे. तिच्याकडे सत्तरहून अधिक बर्क विनाशिका आहेत आणि चीनच्या आधुनिक विनाशिका पन्नासच्या घरात. पण बर्क वर्गाची पहिली नौका १९९१ ची आहे आणि चीनचा बहुतेक ताफा गेल्या दहा-बारा वर्षांतला. बर्कच्या जागी येणार होती झुमवॉल्ट. ३२ बांधायच्या ठरल्या, खर्च फुगत गेला, तीनच बांधल्या. तिच्या तोफेचा एकेक गोळा आठ लाख डॉलरच्या आसपास जाऊ लागला तेव्हा नौदलाने गोळेच घ्यायचे रद्द केले. जगातली सर्वांत महागडी विनाशिका काही वर्षे बिनगोळ्यांच्या तोफा मिरवत हिंडली. शेवटी बर्कचाच नवा अवतार काढावा लागला. त्यातली पहिली जॅक एच. ल्यूकस २०२३ मध्ये आली. तिचे एसपीवाय-६ रडार उत्तम आहे, पण या विनाशिका मेन आणि मिसिसिपी राज्यांतल्या दोनच गोद्यांत बनतात आणि वर्षाला दोन बाहेर पडणेही कठीण झाले आहे. जगातल्या व्यापारी जहाजबांधणीचा निम्म्याहून मोठा हिस्सा आता चीनकडे आहे. वेल्डर, पोलाद, क्रेन, सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने, हे सगळे तेलवाहू आणि कंटेनर जहाजांच्या जिवावर वर्षभर चालू असते. युद्धनौकेची मागणी आली की त्यातलीच माणसे तिकडे वळतात. अमेरिकेची व्यापारी जहाजबांधणी जवळजवळ संपली आहे.

चिनी बाजूच्या उणिवा शांततेच्या काळात क्वचित दिसतात, पण दिसतात. ११ ऑगस्ट २०२५ रोजी स्कारबरो शोलजवळ फिलिपिन्सच्या तटरक्षक नौकेचा पाठलाग करताना चीनची ०५२डी वर्गाची विनाशिका गुइलिन आणि चीनचीच तटरक्षक नौका एकमेकींवर आदळल्या. तटरक्षक नौकेचा पुढचा भाग चुरगळला. हा सारा प्रकार फिलिपिन्सच्या कॅमेऱ्यात आला. चिनी युद्धनौकांवर कप्तानाच्या बरोबरीने पक्षाचा राजकीय अधिकारी असतो आणि मोठ्या निर्णयांत दोघांचा वाटा असतो. बंदरात ही व्यवस्था निभत असेल, सेकंदांच्या लढाईत तिचे काय होईल याची परीक्षा झालेली नाही. पाणबुडी शोधण्यातही चीन बराच काळ कच्चा होता. नव्या नौकांवर पाण्यात खोल सोडायची आणि मागे ओढायची सोनार आहेत, मोठ्या हेलिकॉप्टरसाठी ०५२डी चा मागचा डेकही लांबवला गेला. तरी अमेरिकी आणि जपानी पाणबुड्यांची धास्ती चिनी कप्तानांना अजून असावी, असे माझे मत आहे.

दुसऱ्या बाजूने, त्यांना समुद्राची सवय नाही असेही आता म्हणता येत नाही. २६ डिसेंबर २००८ रोजी वुहान आणि हायकोऊ या विनाशिका एका रसदवाहू जहाजासह हायनान बेटावरून एडनच्या आखाताकडे निघाल्या, सोमाली चाच्यांपासून व्यापारी जहाजांचे रक्षण करायला. तेव्हापासून एकामागून एक तुकड्या येतच आहेत, आणि २०१७ पासून जिबुतीत त्यांचा तळ आहे. प्रत्येक तुकडी मलाक्काच्या सामुद्रधुनीतून, आपल्या निकोबार बेटांच्या अंगणातून जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये टाइप ०५५ वर्गाची झुनयी दोन सोबत्यांसह ऑस्ट्रेलियाला वळसा घालून गेली. टास्मान समुद्रात या ताफ्याने गोळीबाराच्या सरावाची सूचना रेडिओवरून दिली, आणि वरून जाणाऱ्या प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले.

भारताचे काय, या प्रश्नाचे उत्तर माझगाव गोदीत शोधावे लागते. दिल्ली वर्गाच्या तीन, कोलकाता वर्गाच्या तीन आणि विशाखापट्टणम वर्गाच्या चार, अशा दहा विनाशिका १९९७ ते २०२५ या काळात तिथेच तयार झाल्या. नव्या सातांपैकी प्रत्येकीवर १६ ब्राह्मोस क्षेपणास्त्रे आहेत, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाची. त्या बाबतीत कोणासमोर खाली पाहायचे कारण नाही. हवाई संरक्षणाची बराक-८ क्षेपणास्त्रे मात्र ३२ च. एकाच वेळी चहूबाजूंनी हल्ला झाला तर हा आकडा तोकडा पडेल.

वेगाची तुलना मात्र चकित करते. विशाखापट्टणमचे जलावतरण एप्रिल २०१५ चे आणि ती नौदलात आली नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांनी. गोव्याच्या बंदराचे नाव घेतलेली मोरमुगाव २०२२ मध्ये आली, इंफाळ २०२३ मध्ये. शेवटची सुरत मे २०२२ मध्ये पाण्यात उतरली आणि जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली: दोन वर्षे आठ महिने. चीनच्या नानछांगला जून २०१७ ते जानेवारी २०२०, म्हणजे अडीच वर्षे लागली होती. नानछांग दीडपटीहून मोठी आहे हे खरे, तरी एकेक जहाज पुरे करण्याच्या कामात माझगावचे कारागीर जियांगनानच्या फार मागे राहिलेले नाहीत. फरक आहे तो शेजारच्या धक्क्यावर. नानछांग सजत होती तेव्हा तिच्या पाठोपाठच्या बहिणी दोन गोद्यांत तयार होत होत्या, आणि २०२३ पर्यंत आठही नौदलात आल्या. त्यांची दुसरी तुकडी आता बांधली जाते आहे. माझगावात सुरत ही त्या वर्गाची शेवटची नौका होती. पुढच्या पिढीच्या, याहून बऱ्याच मोठ्या विनाशिकेचा आराखडा नौदलाकडे आकार घेतो आहे, पण हे लिहीपर्यंत तरी तिच्या बांधणीचा करार झालेला नाही.